साक्षीची विहीर

सोनखडी, ता. शेवगाव
१२ फेब्रुवारी १९७३

शांतवन,

सलाम. तुझी नि मार्थाची खुशाली खाली विचारते, आधी भांडण.

काल उपासनेत रंगनाथ मास्तरांनी मंडळीच्या मासिकातला तुझा लेख उभं राहून वाचला. तालुक्यातल्या विहिरी आटल्या, पण सोनखडीच्या मिशन विहिरीत अजून दोन पुरुष पाणी आहे, कारण तिथली मंडळी रोज सकाळी विहिरीभोवती उभी राहून प्रार्थना करते. ही देवानं दिलेली साक्ष आहे, असं तू लिहिलंस. लोक आमेन म्हणाले. मी म्हणाले नाही. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मीही त्यांच्याकडं बघितलं.

अरे शहाण्या, पाणी आहे कारण कुलूप आहे. नाताळ झाल्या झाल्या तुझ्या कमिटीनं विहिरीला तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं, किल्ली मास्तरांच्या कमरेला. तेव्हापासून कंपाऊंडातल्या आपल्या घरांना प्रार्थनेनंतर घागर-दोन घागरी, आणि बाहेरच्या वस्तीला थेंब नाही. उपसलं नाही तर पाणी राहणारच. मी माझ्या रांजणावर झाकण ठेवून बसले तर तोही भरलेला राहील. त्याचीही साक्ष छापशील का?

वस्तीवरच्या बाया दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडतात आणि पाण्याला नदीत जातात. नदी म्हणजे नुसती वाळू. तिथं माणूस दिसेनासा होईल एवढे खोल झिरे खणलेत, खाली उतरून वाटीनं घागर भरायची. कानिफनाथची बायको साळूबाई तुला आठवत असेल, आपल्या आजीच्या जावेची नात. आपल्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या भावानं घेतला नाही, एवढाच आपल्यात नि त्यांच्यात फरक. कामावर जायच्या आधी ती रोज घागर घेऊन आपल्या फाटकाशी उभी राहते. परवा मला म्हणाली, "बाई, पाटलाच्या इहिरीवरनं हाकललं तर शिव्या तरी घालता येत्यात. हितं तुमी समदे डोळं मिटून उभं. आमी शिव्या कुनाला घालाव्या?" मी हसले, आणि घरी येऊन रडले.

तू या मंडळीचा पाळक आहेस. नगरला बसून का होईना, शब्द तुझाच चालतो. मास्तरांना दोन ओळी लिही, कुलूप काढा म्हणून.

तुझा खोकला कसा आहे? मार्थाला सलाम सांग.

दीनाआक्का


अहमदनगर
२० फेब्रुवारी १९७३

प्रिय आक्का,

प्रभूच्या नावात तुला सप्रेम सलाम. आम्ही उभयता त्याच्या कृपेने ठीक आहोत. खोकला कमी आहे.

तुझे पत्र वाचून खेद झाला, राग आला नाही. तुला सर्व गोष्टी ठाऊक नाहीत. माझा लेख मासिकात येण्यापूर्वीच त्याचे भाषांतर अमेरिकेतील एका ख्रिस्ती मंडळाच्या वाचनात आले. त्यांचे काही पाहुणे पुनरुत्थानाच्या सणानंतर, म्हणजे एप्रिलअखेर, आपली विहीर पाहण्यास येत आहेत. त्यांचे मन भरले तर आपल्या भागातील दहा गावांत विहिरी खणून देण्याचा त्यांचा मानस आहे. दहा गावे, आक्का. आज वस्तीसाठी फाटक उघडले तर रांग लागेल, लवकरच तळ दिसेल, मग पाहुण्यांना मी काय दाखवू? एका वस्तीची दोन महिन्यांची अडचण आणि दहा गावांचे कायमचे पाणी, यांत निवड करणे मलाही सोपे गेलेले नाही.

आणि कृपा करून कुलपावर विनोद करू नकोस. त्या विहिरीभोवती लोकांनी अश्रू ढाळले आहेत. प्रार्थना म्हणजे रिकामे बसणे नव्हे, तीच आपली सर्वांत मोठी कृती आहे. लहानपणी मला गुडघे टेकायला तूच शिकवलेस. साळूबाईचे नाव मी रोज देवापुढे घेतो. तूही घे.

तुझा भाऊ,
शांतवन


सोनखडी
२७ फेब्रुवारी १९७३

शांतवन,

सलाम. साळूबाईचं नाव तू नगरात घेतोस आणि साळूबाई सोनखडीत घागर घेऊन उभी असते. दोघांची गाठ कुठं पडायची?

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं बाबा. दहा गावांना पाणी मिळणार म्हणून अकराव्याला तहानलेलं ठेवायचं, हा कुठला न्याय? आणि ही विहीर कशाला खणली ते विसरलास? गावच्या विहिरीची पायरी आपल्या माणसांना चढू देत नव्हते. आपली आई उन्हात हंडा घेऊन खाली उभी राहायची, कुणाला दया आली तर वरून ओतायचे. ते बघून मिशनच्या गोऱ्या साहेबानं इथं विहीर पाडली. पहिलं पाणी कंपाऊंडानं नि वस्तीनं मिळून प्यालं, असं आई सांगायची. आता आपणच पाटील झालो. आयत्या बिळावर नागोबा.

मी गप्प बसले नाही. शनिवारी कमिटीपुढं जाऊन उभी राहिले. मास्तर म्हणाले, "दीनाबाई, तुमचा विश्वास कमी पडतोय." बायबलबाई म्हणून खांद्याला पिशवी अडकवून मी जन्मभर गावोगाव चालले, पायांत काटे मोडले, कुत्री अंगावर घेतली, तेव्हा हा माणूस चड्डीत फिरत होता. आता माझा विश्वास मोजायला बसलाय. माझ्या वाट्याची एक घागर मी साळूबाईला देत होते, तीही बंद केली. बाहेर पाणी गेलं तर तुमचा वाटाच तोडू म्हणाले.

मला प्रार्थना शिकवू नकोस रे. मी अजूनही पहाटे गुडघ्यावर असते. पण मी गुडघे टेकले की देव मला उठवतो. ऊठ, अमकीच्या घरी जा, तमकीला भाकरी नेऊन दे, असं काहीतरी काम मागं लावतो. तुला तो काय सांगतो? लेख लिही? कुलूप लाव? आपण दोघं एकाशीच बोलतो का, अशी मला शंका यायला लागलीय.

आपल्या प्रभूला तहान लागली तेव्हा त्यानं परक्या जातीच्या बाईकडं पाणी मागितलं होतं. तिनं आधी कमिटी बोलावली असती तर तो तहानलेलाच राहिला असता.

दीनाआक्का


अहमदनगर
१५ मार्च १९७३

प्रिय आक्का, सलाम.

कार्डावर थोडक्यात लिहितो. पाहुण्यांची तारीख ठरली, २४ एप्रिल. मास्तरांचे तुझ्याविषयी पत्र आले होते. मी तुझी बाजू घेतली. आता तू माझी घे. पाहुण्यांची भेट सफल व्हावी म्हणून या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी चर्चमध्ये साखळी प्रार्थना ठेवली आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एकाने गुडघ्यावर बसायचे. पुढचा आल्याशिवाय आधीच्याने उठायचे नाही, साखळी तुटता कामा नये. बायकांची बाजू तू सांभाळ. सणानंतर फाटक उघडण्याविषयी मी स्वतः कमिटीशी बोलेन, हा माझा शब्द.

शांतवन


सोनखडी
२ एप्रिल १९७३

शांतवन,

साळूबाई मेली.

शुक्रवारी तुझी साखळी होती. तू शब्द दिलास म्हणून मी मान तुकवली, बायकांना पाळ्या लावून दिल्या. दुपारची पाळी माझी. त्या दिवशी बाजार, म्हणून खडीच्या कामाला सुट्टी होती. मी गुडघ्यावर असताना फाटकातून साळूबाईची हाक आली. "ओ दीनाबाई, म्हातारीला ताप हाय. एक तांब्या तरी द्या." मी ऐकलं. शांतवन, मी नीट ऐकलं. माझ्यानंतरची बाई अजून आली नव्हती. साखळी तुटू द्यायची नव्हती. मनात म्हटलं, पाळी संपली की देते. तिनं आणखी हाका मारल्या आणि मग ती गेली.

झिऱ्यात उतरली होती. वरून वाळू ढासळली. बायांनी हातांनी उकरलं, बाजारातून कानिफनाथ धावत आला. बाहेर काढली तेव्हा तोंडात वाळू होती आणि वाटी हातात तशीच घट्ट धरलेली होती.

संध्याकाळी कानिफनाथ माझ्या दारात आला. म्हणाला, "बाई, तिला तुमची गानी लई आवडायची. मातीवर दोन शबूद बोला." मी मास्तरांकडं गेले, घंटा वाजवा, मंडळीला घेऊन चला म्हणून. ते म्हणाले, ती आपल्यातली नाही, आणि साखळी अजून संपायचीय. मी एकटी गेले. जन्मभर लोकांच्या मातीवर लांब प्रार्थना केल्या. "देवा, आम्ही ऐकलं होतं," एवढंच म्हणाले. कानिफनाथला वाटलं मी आणखी काही बोलेन. तो वाट बघत उभा राहिला.

तुझी साखळी तुटली नाही. मास्तरांनी तुला तसं कळवलंच असेल.

दीना


अहमदनगर
९ एप्रिल १९७३

प्रिय आक्का,

सलाम. तुझे पत्र मार्थाला वाचून दाखवले. दोन दिवस कशात लक्ष लागले नाही.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. तुझ्याकडून एक तांब्या मिळाला असता तरी घागरीसाठी ती नदीवर गेलीच असती. जीवन-मरण प्रभूच्या हाती आहे, त्याची इच्छा आज आपल्याला कळत नाही. तिच्या घरासाठी दुष्काळी वाटपातल्या सुकडीच्या पिठाची एक गोणी शेवगावच्या गाडीने पाठवत आहे, ती कानिफनाथकडे पोहोचव.

आता कळकळीने सांगतो. दुःखात माणसाच्या हातून भलते होऊन जाते. पाहुणे यायला थोडेच दिवस उरले आहेत. साळूबाईचे मरण वाया जाऊ नये असे तुला वाटत असेल तर दहा गावांच्या विहिरी होऊ दे. सणाआधीच्या झावळ्यांच्या रविवारी बायकांची मिरवणूक दरवर्षीप्रमाणे तूच काढ. लोकांना या दिवसांत आनंदाची गरज आहे.

शांतवन


सोनखडी
१६ एप्रिल १९७३

शांतवन,

तू सांगितलंस तशी काल मिरवणूक काढली.

झावळ्या यंदा कुठल्या, कडुनिंबाच्या डहाळ्या घेतल्या. होसान्ना म्हणत चर्चला फेरी घातली. दरवर्षी तिथून आत वळतो, मी वळले नाही. कंपाऊंडच्या मोठ्या फाटकाची कडी काढली. बाहेर लंकाबाई उभी होती, साळूबाईची जाऊ, आणि तिच्या मागं सगळी वस्ती, घागरी घेऊन. मी आदल्या दिवशी जाऊन सांगून ठेवलं होतं. मिरवणूक विहिरीकडं नेली. निम्म्या बायका माझ्या मागं आल्या, निम्म्या चर्चच्या पायरीवर थांबल्या.

मास्तरांकडं किल्ली मागितली. म्हणाले, "आधी प्रार्थना करू, मग बघू." मी म्हणाले, मी करूनच आलेय. त्यांनी किल्ली मुठीत दाबली. मग लंकाबाईनं पदराखालून खडी फोडायचा हातोडा काढला. पहिला घाव मी घातला, पण माझे हात म्हातारे झालेत, कुलपाला नुसतं खरचटलं. उरलेलं तिनं केलं. दुष्काळी कामावर तेवढं ती शिकलीय.

तेव्हापासून पाणी चाललंय. घरटी सारखं, आतलं-बाहेरलं काही नाही. गावातून छबूबाई पाटलीणही आली, पदर पुढं ओढून. तिच्या सासऱ्यानं आपल्या आईला विहिरीच्या पायरीवरून हुसकलं होतं. तिलाही पाणी दिलं, आणि ते देताना मला काही फार बरं वाटलं नाही.

प्रार्थना बंद पडली असं कुणी कळवलं तर ते खोटं. मी दोर ओढताना करते. डोळे उघडे ठेवून, कारण कठड्यावर डोळे मिटले तर आत जाईन.

पाणी खाली चाललंय हेही खरं. पाहुणे येतील तेव्हा तळ दिसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची होती, ती मी उघडली. चारचौघांत तुझी मान खाली जाणार. मी तुझी बहीण आहे, मला त्याचं वाईट वाटतं. पण साळूबाईपेक्षा जास्त वाटत नाही.

दीना


अहमदनगर
२८ एप्रिल १९७३

दीनाबाई यांस,

सलाम. पाहुणे मंगळवारी येऊन गेले. मी त्यांना कठड्यापर्यंत नेले. तळाशी चिखल होता आणि त्यात बेडूक बसले होते. त्यांच्यातील एका बाईंनी अगदी सौम्यपणे विचारले, भरलेली विहीर दुसरीकडे आहे का. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. परत गेल्यावर कळवू म्हणाले. काय कळवणार ते मला ठाऊक आहे. त्या रविवारी तू कुलूप फोडले नाहीस, आक्का, दहा गावांच्या विहिरी फोडल्यास. तिथल्या बायाही झिऱ्यांत उतरतात. त्यांची नावे तुला ठाऊक नाहीत म्हणून तुला राग करता येतो. मला ती नावे ठाऊक आहेत.

कमिटीने ठराव केला आहे. मंडळीपुढे उभी राहून माफी मागेपर्यंत तुला प्रभुभोजनात भाग घेता येणार नाही. ठरावावर माझी सही आहे.

मी तुझ्यासाठी प्रार्थना करत आहे.

रेव्ह. शांतवन उजागरे


सोनखडी
७ मे १९७३

शांतवन,

रेव्हरंड तू मंडळीला. माझ्या कडेवर वाढलेला तू शांतवनच.

दहा गावांचं पाणी माझ्यामुळं गेलं म्हणतोस. गेलं असेल. ते मला टोचतं, खोटं कशाला बोलू. त्या बायांची नावं मला लिहून पाठव, मी त्यांच्या दारी जाऊन सांगेन काय केलं ते. पण एक सांग. कोरडी विहीर बघून पाहुण्यांना इथं पाणी नाही हे कळायला हवं होतं की नको? पाणी नसलेल्या गावातच विहीर खणायची असते ना? मग भरलेली कशाला दाखवायची होती? तू त्यांना चिखल दाखवून एवढं म्हणाला असतास, की बघा, आमची माणसं मरतायत, तर तीही साक्षच झाली असती. तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही, कारण तुला आधीचंच भाषण पाठ होतं.

माफी मागायला मी तयार आहे. कुणाची मागू, तेवढं ठरावात लिहायचं राहिलंय. साळूबाईची मागायची तर ती नाही. कुलपाची मी मागणार नाही.

आणि माझ्यासाठी करतोस ती प्रार्थना बंद कर. तुझ्या प्रार्थनेत जे लोक असतात त्यांचं काय होतं ते मी बघितलंय. हे लिहून हात थांबला होता. खोडत नाही. तुला लागावं म्हणूनच लिहिलंय.

तुम्ही चिखल बघून परत फिरलात, आम्ही आत उतरलो. पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी कानिफनाथ कुदळ घेऊन आला, कुणाशी न बोलता कमरेला दोर बांधून खाली गेला. बायकोला वाळूतून काढल्यापासून तो कुठल्या खड्ड्याकडं बघत नव्हता. आम्ही बाया वरून गाळाच्या पाट्या ओढत राहिलो. खाली खडक लागला आणि त्याच्या कडेनं बारीक झरा धरला. मासिकात छापू नकोस. फार नाही. थोडा वेळ थांबलं की थोड्या घागरी निघतात, मग पुन्हा थांबायचं.

काल प्रभुभोजनाचा रविवार. मला त्यात मज्जाव, म्हणून मी विहिरीवर लंकाबाईजवळ होते. उपासनेच्या आधी रंगनाथ मास्तर कळशी घेऊन आले. प्रभुभोजनाचे प्याले धुवायला चर्चमध्ये पाणी नव्हतं. विहिरीपाशी जरा घुटमळले आणि मग रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले, वस्तीवरच्या बायांच्या मागं, कोट घालून. ऊन तापलं होतं, झऱ्याचं पाणी सावकाश साठतं. कुणी त्यांना पुढं घेतलं नाही, कुणी हटकलंही नाही.

त्यांची पाळी आली तशी लंकाबाईनं दोर धरून ठेवला आणि मला विचारलं, "बाई, ह्यांना घालायचं का?"

माझ्या जिभेवर 'नको' आलं होतं. त्या शुक्रवारची हाक कानात होती आणि मला तेच म्हणायचं होतं, मास्तरांना ऐकू जाईल असं. ते कसंबसं गिळलं. म्हणाले, मला विचारू नको, कानिफनाथला विचार.

कानिफनाथ कठड्याला टेकून बसला होता, अंगावरचा गाळ वाळला होता. त्यानं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी मान वर केली नाही. मग तो उठला. म्हणाला, "द्या हिकडं ती कळशी." लंकाबाईच्या हातून दोर घेतला आणि स्वतः शेंदून भरून दिली.

मास्तर कळशी घेऊन गेले. आत प्याले धुतले, घंटा वाजली आणि तुझी मंडळी प्रभुभोजनाला बसली. मी नि कानिफनाथ बाहेरच होतो.

दीना